पेटी जोमात आहे, हे ओळखायचं कशावरून?

पत्र

दादा, भडगाव तालुक्यात गिरणाकाठी आमचं शेत आहे. थोडं लिंबू, बाकी कांदा आणि मका. लिंबाला फळधारणा चांगली व्हावी म्हणून दिवाळीनंतर मेलिफेरा या परदेशी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या घेतल्या. शेजारच्या मळ्यात बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावलेत आणि तिथे बाहेरगावच्या मधमाशीपालकाने पुष्कळ पेट्या आणून ठेवल्यात.

माझ्या एका पेटीसमोर दिवसभर माश्यांची झुंबड असते, अंधार पडेपर्यंत. झाकणाच्या फटीपाशीही माश्या घुटमळतात. दारापुढच्या फळीवर मेणाचा भुगा पडलेला असतो. आमचे आबा म्हणतात, "हाई पेटी जोरमा शे." दुसऱ्या पेटीसमोर फारशी हालचाल नाही. चार-दोन माश्या येतात, पायांना पिवळे गोळे लावून आत जातात. ही पेटी कमजोर आहे, विकून टाकू, असं घरात ठरत आलंय. मी दोन्ही पेट्या उघडून पाहिल्या, पण राणी कुठेच दिसली नाही आणि भीतीने लगेच बंद केल्या. निरोगी वसाहत ओळखायची तरी कशी? पेटी किती वेळा उघडू? आणि मध कधी काढू?

— एक भगिनी, भडगाव तालुका

उत्तर

ताई, आधी दोन कामं करा, बाकीचं सावकाश वाचा. दुसरी पेटी विकायचा सौदा थांबवा. आणि पहिल्या पेटीचं दार आज संध्याकाळीच लहान करा, एका वेळी एक-दोन माश्या जातील एवढंच. लाकडाची चीप नाहीतर ओली माती लावून बाकीचं बंद करा. झाकणाच्या फटीही बुजवा.

तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक ओळीवरून मला वाटतंय की पहिल्या पेटीची लूट चालली आहे. त्या झुंबडीतल्या बऱ्याच माश्या तुमच्या नसाव्यात. फटीतून शिरायला पाहणाऱ्या माश्या घरच्या नसतात, घरच्यांना दार ठाऊक असतं. मेणाचा भुगा पडतो तो बंद मधाची झाकणं घाईने फाडल्यामुळे. आणि अंधार पडेपर्यंत वर्दळ, हेही लुटीचंच लक्षण. आबांचा अनुभव मोठा आहे, पण त्यांनी माश्या मोजल्या, त्या काय घेऊन येतात आणि काय घेऊन जातात ते पाहिलं नाही. उलट दुसऱ्या पेटीत माश्या कमी दिसल्या तरी त्या पराग आणतायत. पराग कशाला लागतो? मुख्यतः पिल्लांना. त्या चार-दोन माश्यांच्या पायांवरचे पिवळे गोळे पाहून मला तुमची दुसरी पेटी बरीचशी ठीक वाटते. पण पत्रावरून निकाल देणं बरोबर नाही. निकाल पेटीच्या आत आहे, आणि तो तुम्हालाच वाचायचा आहे.

सगळा भर मी एका गोष्टीवर देतो. वसाहत बरी की वाईट, हे माश्यांच्या संख्येवरून ठरवायचं नाही, मधावरूनही नाही. ते पिलाव्यावरून ठरवायचं. पिलावा म्हणजे अंडी, अळ्या आणि झाकण घातलेले कोष. कामाच्या दिवसांत कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते. आज पेटीत दिसणाऱ्या माश्यांपैकी बहुतेक एप्रिलमध्ये नसतील. त्यांची जागा घेणाऱ्या आज पोळ्याच्या घरांमध्ये वाढत असल्या तर पेटी चालेल, नसल्या तर आजची गर्दी कितीही असो, ती ओसरणारच. एखाद्या घराचं पुढे कसं होणार हे ओट्यावर किती माणसं बसलीत यावरून कळत नाही, आत पाळणा हलतोय का ते पाहावं लागतं. तसंच हे.

पेटी न उघडताही बरंच कळतं. दुपारी बाराच्या पुढे, ऊन चांगलं तापल्यावर, पेटीच्या बाजूला बसा. समोर बसू नका, त्यांची वाट अडते. चांगल्या पेटीच्या दारात काही माश्या पहाऱ्याला असतात. येणाऱ्या प्रत्येकीला त्या हुंगतात, परकी असली तर ढकलून लावतात. भरल्या पोटाने येणारी माशी फळीवर जडपणे उतरते, क्वचित फळीच्या खालीच आदळते आणि चालत वर येते. दुपारी कधीकधी अचानक शंभर-दोनशे माश्या बाहेर पडून पेटीकडे तोंड करून हवेत डुलतात, पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा सगळं शांत. पुष्कळ जण याला लूट समजून घाबरतात. या नव्या माश्या असतात, पहिल्यांदाच बाहेर पडून आपल्या घराची जागा ध्यानात घेत असतात. हे दृश्य दिसलं की समजायचं, साधारण चार आठवड्यांपूर्वी राणी नीट अंडी घालत होती. लुटीत असं डुलणं नसतं, झोंबाझोंबी असते. दोन माश्या एकमेकींना धरून फळीवरून खाली मातीत पडतात. अंगावरची लव झडलेल्या, काळ्या चकचकीत दिसणाऱ्या माश्या फटी शोधत फिरतात.

तरी खात्री होत नसेल तर चिमूटभर मैदा घ्या आणि पहिल्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर हलकेच भुरभुरा. पांढऱ्या झालेल्या माश्या कुठल्या दिशेला जातात ते पाहत राहा. सगळ्या मिळून शेजारच्या मळ्याकडे सरळ रेषेत गेल्या तर लुटारू कुठले ते समजेल. त्यावरून त्या पालकाशी भांडायला मात्र जाऊ नका. कमजोर पेटी सापडली की मधमाशी लुटणारच, त्यात त्याचा काही दोष नाही. त्याला बोलवून दाखवा. असे लोक वर्षभर पेट्या घेऊन गावोगाव फिरतात, त्यांची नजर तयार असते.

आता पेटी उघडायची. फेब्रुवारीत आपल्याकडे सकाळी दहा ते बारा ही वेळ चांगली, पहाटेचा गारवा गेलेला असतो आणि बऱ्याच माश्या रानात असतात. मार्चच्या अखेरीपासून मात्र सकाळी नऊच्या आत उरकायचं. पहिल्या पेटीवर लूट चालू असताना ती भर दिवसा उघडी ठेवू नका, मधाचा वास सुटला की लूट दुपटीने वाढते. ती दिवस मावळायच्या बेताला, झटपट पाहायची. धुराडं पेटवताना वाळलेली गोवरी किंवा जुनं गोणपाट वापरा, रॉकेलचा बोळा नको. दारात दोन-तीन फुंकर धूर, अर्धा मिनिट थांबून झाकण उचलायचं. तुमची भीती मी समजू शकतो. जाळी घाला, पायघोळ कपडे घाला, केसांना वासाचं तेल लावून जाऊ नका आणि हात सावकाश हलवा. शांत पेटी झटकन अंगावर येत नाही.

पहिली कडेची फ्रेम, म्हणजे पोळ्याची लाकडी चौकट, काढून बाजूला टेकवा, म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. मग मधली फ्रेम पटाशीने सैल करून सरळ वर उचला आणि पेटीवरच धरा. राणी पडली तर पेटीतच पडावी, गवतात नको. सूर्य तुमच्या पाठीमागे, खांद्यावरून ऊन घरांच्या तळापर्यंत जाईल असं उभं राहा. अंडी दिसायची तर एवढं करावंच लागतं, नुसतं फ्रेमकडे बघून ती दिसत नाहीत.

अंडं पांढरं, बारीक, जेमतेम दीड मिलिमीटर लांब. एका घरात एकच, तळाच्या मध्यभागी चिकटलेलं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं, मग त्यातून अळी निघते. ताई, तुम्हाला राणी दिसली नाही म्हणून तुम्ही घाबरलात, पण अंडं दिसलं की राणी शोधायची गरज उरत नाही. उभं अंडं म्हणजे कालपरवापर्यंत राणी इथे होती, एवढा पुरावा पुरे. हजारो माश्यांत राणी शोधत फ्रेम वीस मिनिटं उन्हात धरणं हेच पिलाव्याला जास्त घातक.

अळी शुभ्र, ओलसर, मोत्याच्या रंगाची असावी. घराच्या तळाशी अंगाचं वेटोळं करून, दुधाळ अन्नात पडलेली. हे अन्न भरपूर दिसलं तर दाई माश्या पुरेशा आहेत आणि त्यांना परागही मिळतोय. अळी कोरडी, घराच्या भिंतीला टेकलेली, पिवळसर किंवा वाकडीतिकडी पडलेली दिसली तर गडबड आहे. साधारण सहा दिवस अळी, मग बारा दिवस बंद कोष, असं मेलिफेराच्या कामकरी माशीचं गणित. अंड्याचे तीन धरून एकूण एकवीस दिवस. सातेरी या आपल्या देशी माशीला याहून एखाद-दोन दिवस कमी लागतात.

या गणिताचा एक फार चांगला उपयोग आहे. राणी रोज सारखीच अंडी घालत असेल तर पेटीत अंडी, अळ्या आणि बंद कोष यांचं प्रमाण एकास दोनास चार असं दिसायला हवं, कारण दिवस तीन, सहा आणि बारा. सगळी पेटी मोजत बसायची नाही, अंदाजाने पाहायचं. बंद कोष भरपूर पण अंडी-अळ्या नाहीतच, तर निदान नऊ दिवसांपूर्वीच काहीतरी बिघडलंय. राणी गेली असेल, नाहीतर चारा तुटल्याने तिने हात आखडता घेतला असेल. याउलट अंडी आणि अळ्याच जास्त, बंद कोष थोडे, म्हणजे पेटी आता वाढीला लागली आहे. तुमची दुसरी पेटी तशीच असेल असा माझा कयास आहे. बाहेर माश्या थोड्या, आत पिल्लं पुष्कळ. घरातलं काम इतकं असतं की बाहेर जायला माणूस उरत नाही. अशी पेटी विकली आणि महिन्याभराने घेणाऱ्याच्या बांधावर ती भरून वाहताना दिसली, तर हळहळ तुम्हालाच.

बंद कोषांची झाकणं पाहा. निरोगी झाकण तपकिरी-पिवळसर, कोरडं, किंचित फुगीर असतं. फ्रेमच्या मधोमध असा एकसलग पट्टा असावा, मध्ये थोडीच घरं रिकामी. पिलाव्याच्या भोवती परागाची रंगीबेरंगी घरं, त्याच्यावर कोपऱ्यांना मधाची कमान. ही मांडणी एकदा डोळ्यांत बसली की पुढे प्रत्येक फ्रेम तिच्याशी ताडून पाहता येते. दोन्ही बाजूंनी गच्च बंद पिलाव्याची एक फ्रेम पुढच्या बारा दिवसांत पाच-सहा हजार माश्या देते, म्हणजे दोन फ्रेम व्यवस्थित झाकल्या जातील एवढ्या. हा हिशोब आला की पुढच्या महिन्यात पेटी केवढी होणार हे तुम्हाला आजच सांगता येईल.

पट्टा विस्कटलेला असेल, एक बंद, दोन रिकामी, एक अळी असा, तर कारण शोधायचं. राणी म्हातारी झाली असेल. किंवा कामकरी माश्या रोगट अळ्या ओढून बाहेर टाकत असतील. झाकणं खोल गेलेली, ओशट, मध्येच भोक पडलेली दिसली तर आगकाडीने ते घर टोचून काडी हळूच वर ओढा. तपकिरी चिकट तार निघाली, आणि सरसासारखा घाण वास आला, तर तो फाऊलब्रूडचा, म्हणजे अळ्या कुजवणाऱ्या रोगाचा, गंभीर प्रकार. आंबट वास आणि झाकण पडायच्या आधीच पिवळ्या पडून मेलेल्या अळ्या, हा त्याचा दुसरा, थोडा सौम्य प्रकार. निरोगी पेटीला मेण, मध आणि उबेचा वास येतो, तो एकदा ओळखीचा झाला की बदल नाकालाच कळतो. असं काही आढळलं तर एकही फ्रेम दुसऱ्या पेटीत घालू नका, पटाशी धुऊन घ्या आणि जळगावजवळच्या ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात फ्रेमचा तुकडा दाखवा. दुकानातून अँटिबायोटिक आणून पाकात मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याचे अंश मधात उतरतात आणि तो मध मुलाबाळांच्याच पोटात जातो.

सातेरी पाळणाऱ्यांनी एक वेगळा रोग ओळखायला हवा, थाई सॅकब्रूड. मेलेली अळी झाकणाखाली पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते, डोकं वर आणि टोकदार. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या होत्या. तुमच्याकडे मेलिफेरा आहेत, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

मेलिफेराचा खरा वैरी वरोआ माइट, माशीच्या अंगाला चिकटून तिच्यावर जगणारा बारीक जीव. लालसर तपकिरी, चपटा, आडवा, दीड मिलिमीटरचा. डोळ्यांनी दिसतो, पण माशीच्या पोटाच्या वळ्यांत लपतो, म्हणून माशीकडे नुसतं बघून "माझ्याकडे वरोआ नाही" असं म्हणता येत नाही. दारासमोर जमिनीवर सरपटणाऱ्या, चुरगळलेल्या पंखांच्या कोवळ्या माश्या दिसल्या तर वरोआ बराच वाढलेला असतो. तोपर्यंत थांबू नका. जाळीचं झाकण असलेली बरणी घ्या, पिलाव्याच्या फ्रेमवरून, राणी नाही याची खात्री करून, अर्धा कप माश्या तीत घ्या. त्या साधारण तीनशे भरतात. वरून दोन चमचे पिठीसाखर टाका, बरणी मिनिटभर हलक्या हाताने फिरवा, मिनिटभर ठेवा आणि पांढऱ्या ताटात जाळीतून साखर झटका. ताटात थोडं पाणी घाला, साखर विरघळते आणि माइट उघडे पडतात. माश्या पेटीत परत सोडा, इतर माश्या त्यांना चाटून स्वच्छ करतात. तीनशे माश्यांत आठ-नऊच्या वर माइट निघाले तर उपचार लांबवू नये.

इथे खानदेशची एक अडचण आहे. फॉर्मिक ॲसिड हे पुष्कळ पालक वापरतात, पण पारा 30 अंशांच्या पुढे गेला की त्याची वाफ इतक्या जोरात निघते की पिलावा आणि राणी दोन्ही धोक्यात येतात. आपल्याकडे फेब्रुवारीच्या दुपारीच 30 ओलांडतात. म्हणून हा उपचार डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, जाणकाराच्या देखरेखीखाली करावा. आता उन्हाळ्याच्या तोंडावर करायचं झालं तर नरांचा बंद पिलावा कापून काढण्याचा मार्ग बरा. वरोआला नरांची घरं जास्त आवडतात, ती कापली की पुष्कळ माइट त्यांच्याबरोबर जातात.

निरोगी पेटी बारा महिने सारखी दिसत नाही, आणि पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहणारे लोक इथे फसतात. पुस्तकं बहुधा थंड मुलखातल्या पेट्यांची असतात. आपल्याकडे तूर फुलली, दादर म्हणजे रब्बीची ज्वारी निसवली, लिंबाला आंबे बहार आला, कांद्याचे डोंगळे उमलले, की दिवाळीपासून मार्चपर्यंत पिलावा चढता असायला हवा. दादर आणि मक्यावर नुसता पराग मिळतो, मकरंद नाही, पण पिल्लांना तो कामाचा. हरभऱ्यावर फार भिस्त ठेवू नका, त्याचं फूल स्वतःचं स्वतः फळतं आणि माशीच्या पदरात फारसं पडत नाही. मार्च-एप्रिलात कडुनिंब आणि करंज. मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा राणी अंडी कमी करते, पिलावा दोन-तीन फ्रेमवर येतो. ते आजारपण नव्हे. पिलावा 34-35 अंशांवरच ठेवावा लागतो, म्हणून बाहेर लाही होत असताना पुष्कळ माश्या पाणी वाहण्यात आणि पंखांनी वारा घालण्यात गुंततात. संध्याकाळी दारावर माश्यांचे झुपके लोंबताना दिसले तर घाबरू नका, त्या गारव्याला बाहेर आलेल्या असतात. पुढे जुलै-ऑगस्टच्या झडीत चारा तुटतो, पिलावा पुन्हा घटतो. पण पिलावा कमी असला तरी शुभ्र आणि एकसलग हवा. कमी असणं ऋतूचं, विस्कटलेलं असणं रोगाचं. फेब्रुवारीत मात्र, रानात एवढा फुलोरा असताना, कमी पिलाव्याला माफी नाही. आत्ता तो कमी असेल तर कारण पेटीतच आहे.

म्हणून पहिल्या पेटीकडे वळू. दार लहान केल्यावर दोन दिवसांनी, लूट निवली की संध्याकाळी उघडा. बघायच्या गोष्टी तीन.

अंडी आहेत, अळ्या शुभ्र आहेत, फक्त माश्या कमी आणि मध संपलेला: तर पेटी वाचली. साखर आणि पाणी सारख्या वजनाने घेऊन केलेला पाक, अंधार पडल्यावर, पेटीच्या आत द्या. एक थेंबही बाहेर सांडू नका, सकाळी त्याच वासाने लुटारू परततील.

अंडी नाहीत, अळ्या नाहीत, पण बाकी रोगाचं चिन्ह नाही: तर राणी गेली असण्याची शक्यता मोठी. अशा पेटीचा आवाजही वेगळा असतो. पेटीवर बोटाने टकटक केलं तर राणी असलेली वसाहत एकदा "भुस्स" करून गप्प होते, राणी नसलेली कण्हल्यासारखी बराच वेळ घुमत राहते. खात्रीसाठी दुसऱ्या पेटीतली एक फ्रेम, जिच्यात अंडी आणि अगदी कोवळ्या अळ्या आहेत, माश्या हळूच झटकून, राणी तिच्यावर नाही हे दोनदा बघून, पहिल्या पेटीच्या मध्यभागी द्या. तीन-चार दिवसांनी पाहा. राणी खरोखर नसेल तर त्या अळ्यांवरून खाली लोंबणारी, शेंगदाण्याच्या टरफलासारखी खडबडीत राणीघरं बांधायला घेतलेली दिसतील. म्हणजे तपासणीही झाली आणि उपायही. मग मात्र महिनाभर ती पेटी हलवू-उघडू नका. राणी बाहेर यायला बारा-तेरा दिवस, पुढे तिचं उड्डाण, नराशी संयोग, मग अंडी. आत्ता फेब्रुवारीत हे केलं तर मार्चमध्ये निंब-करंजाच्या फुलोऱ्यावर नवी राणी अंड्यावर येईल. दुसऱ्या पेटीत नर दिसतायत ना, तेवढं बघून ठेवा. गलेलठ्ठ, मोठ्या डोळ्यांचे, नांगी नसलेले.

आणि एका घरात दोन-तीन अंडी, तीही तळाशी नाही तर भिंतींवर चिकटलेली, कामकऱ्यांच्या घरांवर गोळीसारखी फुगलेली झाकणं: तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. त्यातून फक्त नर निघतात. ही पेटी पूर्ववत करायला जाऊ नका, नवी राणी दिली तरी त्या तिला मारतात. रोग नाही ना पाहून, भर दुपारी पेटी पन्नास-साठ पावलांवर नेऊन माश्या गवतात झटका आणि पेटी उचलून ठेवा. उडता येतात त्या दुसऱ्या पेटीचा आसरा घेतील.

मेणकिडा, मुंगळे, गांधीलमाशी आणि तारेवर बसलेले वेडे राघू यांची तक्रार जवळजवळ प्रत्येक पत्रात असते, म्हणून थोडक्यात. मेणकिड्याची जाळी पेटीत दिसली तर किड्यामुळे पेटी कमजोर झाली असं समजू नका, पेटी आधीच कमजोर होती म्हणून किडा शिरला. भरलेल्या पेटीत माश्या त्याला टिकू देत नाहीत. माश्यांनी न झाकलेल्या रिकाम्या फ्रेम काढून ठेवा, जागा माश्यांच्या मापाची करा. मुंग्यांसाठी पेटीखालच्या घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. वेड्या राघूंना हुसकावण्यात दिवस घालवू नका.

फवारणीचं मात्र मनावर घ्या. कालपर्यंत जोमात असलेल्या पेटीसमोर एका दिवसात मेलेल्या माश्यांचा सडा, पुष्कळांच्या सोंडा बाहेर आलेल्या, हे विषाचं लक्षण, रोगाचं नाही. माशी दोन-तीन किलोमीटरपर्यंत सहज जाते, म्हणजे तुमच्या बांधापुरतं सांभाळून भागत नाही. खरिपात कपाशी फुलते तेव्हा हे सगळ्यात जास्त होतं. गावातल्या कपाशीवाल्यांना आधीच भेटून सांगा की फवारायचं असेल तर दिवस मावळताना फवारा आणि आदल्या दिवशी निरोप द्या. त्या रात्री तुम्ही दारं जाळीने बंद करू शकता, आत हवा आणि पाणी राहील असं बघून. कांदा बियाण्याला माशीची किती गरज आहे हे शेजाऱ्याला आता दिसतंच आहे, त्यामुळे तो ऐकेल.

पेटी या दिवसांत आठ-दहा दिवसांनी एकदा उघडा, उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, झडीत अगदी गरज पडली तरच. प्रत्येक वेळी झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने तारीख, किती फ्रेमवर पिलावा, किती फ्रेमवर अन्न, अंडी दिसली की नाही, एवढं लिहा. पुढच्या वेळी या नोंदीशी ताडून पाहिलं की पेटी चढती आहे की उतरती, हे तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

मधाचं शेवटी. या हंगामात पहिल्या पेटीतून एक चमचाही काढू नका. दुसरीत पिलावा सहा-सात फ्रेमवर गेला, माश्या कडेच्या फ्रेमपर्यंत झाकू लागल्या, तरच वर मधाची कोठी चढवा. तिच्यातल्या फ्रेमची तीन चतुर्थांश घरं पांढऱ्या मेणाने बंद झाल्यावरच मध काढा, त्याआधीचा मध पातळ असतो आणि आंबतो. खालच्या कोठीतलं अन्न अजिबात काढू नका. मेमध्ये, बाहेर फूल नसताना, त्यांना तेवढ्यावरच दिवस काढायचे आहेत. मार्च लागण्याआधी दोन्ही पेट्या लिंबाच्या दाट सावलीत हलवता येतील अशी जागा बघून ठेवा, तोंड पूर्वेला, पश्चिमेचा उष्ण वारा दारातून आत शिरणार नाही असं. जवळच पसरट भांड्यात पाणी, वर काड्या किंवा खडे, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. आणि हलवताना एक सांभाळा: थोड्या अंतरावर हलवायचं असेल तर रोज दोन-तीन फुटांपेक्षा जास्त सरकवू नका, नाहीतर रानातून परतणाऱ्या माश्या जुन्या जागेवरच घिरट्या घालत राहतील.